आजीच्या पेटीतली गिनी

नाणी जमवणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वर्गात असतेच. "बाई, गिनी म्हणजे काय हो?" हा प्रश्न मग ठरलेला! आज त्या गिनीचीच गोष्ट.

गिनी हे इंग्लंडचं सोन्याचं नाणं. ते १६६३ साली निघालं. आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्याकडून आलेलं सोनं त्यासाठी वापरलं, म्हणून नावही तेच पडलं. वजन साधारण ८.४ ग्रॅम आणि सोनं २२ कॅरेट. तिची किंमत मात्र सारखी वर-खाली व्हायची. अखेर १७१७ मध्ये ती २१ शिलिंग ठरली. तेव्हा टांकसाळीचा प्रमुख कोण होता, ओळखा पाहू? आयझॅक न्यूटन! हो, तोच सफरचंदवाला!

गिनीच्या काठावर बारीक तिरप्या रेघा असत. त्या शोभेसाठी नव्हत्या बरं का! लबाड लोक नाण्याची कड कातरून सोनं चोरायचे. रेघा असल्या की ही चोरी लगेच उघडी पडे.

आता गंमत ऐका. १७२९ च्या काही गिन्यांवर दुसऱ्या जॉर्ज राजाच्या चेहऱ्याखाली ई. आय. सी. ही इंग्रजी अक्षरं आहेत. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी! तिने पुरवलेल्या सोन्याची ही खूण. हीच कंपनी १८१७ मध्ये आपल्या नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेशी लढली. तीन अक्षरांत केवढा इतिहास!

शेवटची गिनी १८१३ ची. १८१७ पासून सॉव्हरिन हे नवं नाणं आलं आणि जुन्या गिन्या परत घेऊन वितळवल्या गेल्या. म्हणूनच उरलेल्या इतक्या दुर्मीळ.

आपल्याकडे सॉव्हरिनलाही गिनीच म्हणतात. त्यामुळे आजीच्या पेटीत 'गिनी' असेल तर आधी साल वाचा. १८१७ किंवा नंतरचं साल आणि मागे सर्पासारख्या राक्षसाला मारणारा घोडेस्वार दिसला, तर ते सॉव्हरिन. पण नुसत्या सालावर विसंबू नका. गिनीसारखी दिसणारी नकली पदकंही असतात. जाणकाराला दाखवलेलं बरं.

घरात लग्न निघालं, की जुनं सोनं इतवारीच्या सराफ्यात जातं आणि मुशीत वितळतं. सोनं तेवढंच राहतं, पण राजाचा चेहरा, साल, अक्षरं कायमची जातात. वितळलेलं नाणं पुन्हा वाचता येत नाही! म्हणून मोठ्यांना एवढंच म्हणा, "मोडण्याआधी एकदा नीट बघू या ना!"

जुनं नाणं चिंच किंवा राख लावून घासू नका. चमक येते, पण अक्षरं झिजतात. शेतात पुरलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सोन्याची नाणी आपल्याला कुठून परवडणार? नसू देत! २०११ च्या जूनअखेर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. ती घराघरांतल्या डब्यांत पडून आहेत. १९६८ ते १९७१ मधलं कमळाचं पिवळं २० पैशांचं नाणं शोधा. एका वहीत प्रत्येक नाण्याचं साल, धातू, चित्र आणि ते कुणी दिलं, हे लिहून ठेवा.

वहीचं पहिलं पान या रविवारीच भरा. आणि हो, आजीला विचारायला विसरू नका!