राऊटरवरचा हात आणि ज्ञानाची मक्तेदारी

फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये एखाद्या पोराचे बोट गेले की पहिले वाक्य ठरलेले असते, "लक्ष नव्हतं त्याचं." दुसरे त्याहून जुने, "नशीब म्हणायचं." या दोन वाक्यांत मालक सुटतो, मिस्त्री सुटतो आणि अठरा-वीस वर्षांचा हेल्पर स्वतःच्याच अपघाताचा आरोपी होतो. त्या पोराला मशीन कोणी शिकवले होते का, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. आम्हाला तोच विचारायचा आहे.

आपल्या वस्त्यांतली अनेक मुले आज मॉड्युलर किचन, कपाटे, दरवाजे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. त्यांच्या घरात पूर्वी कोणी सुतारकाम केलेले नाही. जातीने लादलेले काम नाकारून ती नव्या हुन्नराकडे आली, याचे आम्हाला कौतुकच आहे. पण तिथे शिकवण्याची पद्धत कोणती? "बघून बघून शीक." मिस्त्री कारण सांगत नाही, हेल्पर विचारत नाही.

मशीन आणि जात यांचे नाते नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. जास्त पगाराचे काम अशा रीतीने आपल्या माणसांच्या हाती लागू दिले नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, तेव्हा गिरणीतला हा भेदही त्यांनी मांडला होता. तेव्हा मशीनपाशी जाऊ देत नव्हते. आता मशीन हातात देतात, पण तिचे ज्ञान देत नाहीत. एकलव्याचा अंगठा मागायला आता द्रोणाचार्याची गरज उरलेली नाही.

म्हणून हे ज्ञान आपणच वाटून घेऊ. प्लंज राऊटरचेच उदाहरण घ्या. लाकडात खाच पाडायला, कडेला गोलाई द्यायला, फळीच्या मधोमध कापायला हे मशीन वापरतात. त्याची मोटर दोन दांड्यांवर स्प्रिंगने वर-खाली होते. हाताने दाबले की फिरणारे बिट लाकडात उतरते, लॉक सोडले की वर येते. बिट मिनिटाला दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजार फेऱ्या घेते. इतक्या वेगापुढे 'सावध राहीन' या भरवशाला काही अर्थ नाही. हाताला पद्धतच लागते, आणि त्या पद्धतीमागचे कारण डोक्याला माहीत असावे लागते.

बिट बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. वीज गेली तरी आधी बटण बंद करायचे, नाहीतर वीज येताच मशीन आपोआप सुरू होईल. बिटचा दांडा कॉलेटमध्ये पुरेसा आत जाऊ द्यायचा, पण तळाला टेकवायचा नाही. टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर घ्यायचा, म्हणजे पकड घट्ट बसते. सैल बिट निसटले तर गोळीसारखे सुटते. बिट जेवढे मोठ्या व्यासाचे, तेवढा वेग कमी ठेवायचा.

फळी क्लॅम्पने टेबलाला पक्की करायची. हेल्परने हाताने धरून ठेवायची नाही, कारण फळी धरणाऱ्याची बोटे जाऊ शकतात. राऊटरवर दोन्ही हात हवेत. मोटर पूर्ण वेगात आली की मगच बिट खाली उतरवायचे. खोल खाच एका दमात पाडायची नाही, थोडी थोडी करत तीन-चार फेऱ्यांत पाडायची. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेवर राऊटर काट्यांच्या उलट दिशेने न्यायचा आणि आतल्या कडेवर काट्यांच्या दिशेने. चुकीच्या दिशेने नेला तर बिट लाकडावर चाकासारखे धावते आणि मशीन हातातून ओढून नेते. काप संपला की आधी लॉक सोडून बिट वर घ्यायचे, मग बटण बंद करायचे, आणि बिट पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचे नाही. काम भराभर व्हावे म्हणून काही ठिकाणी लॉक कायम खालीच अडकवून ठेवतात. तिथे हे मशीन उघड्या पात्यासारखे होते.

हातमोजे घालू नका, फिरणारे बिट ते आत ओढते. मनगटातले कडे काढा, धागाही काढा, मग तो परित्राण पाठाचा पांढरा धागा का असेना. धागा रक्षण करील ही श्रद्धा आपण धम्मात आणलेली नाही. डोळ्यांना गॉगल, कानांना आवाजरोधक, नाकाला मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. एमडीएफच्या धुळीत त्यावर फॉर्मल्डिहाइडची भर पडते.

आता कायद्याकडे वळू. कामगार नुकसानभरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशेब मांडलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली असे धरतात, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. आता कामगार कायद्यांच्या संहिता झाल्या, तरी कामावरच्या इजेची भरपाई देणे हे मालकाचेच दायित्व आहे. कामगाराचे नुसते 'लक्ष नव्हते' म्हणून ते संपत नाही. मात्र सुरक्षेचे साधन कामगाराने जाणूनबुजून काढले असे ठरले, तर बोट गेल्यासारख्या इजेत मालक हात वर करू शकतो. म्हणून मिस्त्रीने सांगितले तरी गार्ड काढू नका. सांगितले असेल तर ते मोबाइलवर लिखित घ्या. पगार खात्यात मागा, हजेरीचा पुरावा ठेवा. दाव्याची मुदत साधारण दोन वर्षांची आहे, 'नंतर बघू' म्हणत ती घालवू नका.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखान्यांचा आठवडा ४८ तासांवर आला. तासांचा प्रश्नही बोटांचाच प्रश्न आहे. बाराव्या तासाला थकलेला हात राऊटरवर असणे हा मालकाने घडवलेला धोका आहे, त्याला कामगाराची चूक म्हणता येणार नाही.

चळवळीतल्या मित्रांना आमचे एकच सांगणे आहे. जयंतीच्या वर्गणीतून एकदा गॉगल, मास्क आणि क्लॅम्प घ्या. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर मशीन ठेवा आणि वस्तीतल्या जाणत्या कारागिराकडून नव्या पोरांना कारणासकट शिकवा. 'शिका' हा आदेश फक्त पुस्तकापुरता नव्हता. हातातल्या मशीनचे ज्ञान ज्याच्याकडे असते, तोच मालकासमोर "हे असुरक्षित आहे, मी असे करणार नाही" असे ठामपणे सांगू शकतो. तसे दहा जणांनी मिळून सांगितले की संघटना उभी राहते.

जय भीम!