लोमेच्या कापडवाल्या बायका

पश्चिम आफ्रिकेत घाना आणि बेनिन यांच्या मध्ये टोगो नावाचा चिंचोळा देश आहे. १९६० साली तो फ्रेंचांपासून स्वतंत्र झाला. शेती, फॉस्फेटच्या खाणी आणि राजधानी लोमेचे बंदर यांवर त्याचा गाडा चालतो. परंतु आम्हा कापडवाल्यांनी हा देश ओळखावा तो तेथील ठोक व्यापारी बायकांमुळे. त्या मर्सिडीज बेंझ मोटारीतून फिरत, म्हणून लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले. सरकारी पाहुणे आले की मोटारी यांच्याकडून मागून नेत!

माल म्हणजे मेणछपाईचे सुती कापड. जावाच्या बाटिकची नक्कल हॉलंडच्या गिरण्यांनी यंत्रावर केली आणि तिला खरे गिऱ्हाईक मिळाले आफ्रिकेत. त्यात १८४६ साली हेलमंड येथे सुरू झालेली व्लिस्को कंपनी पुढे होती. लोमेत जकात कमी, त्यामुळे शेजारच्या देशांतले व्यापारीही तेथेच खरेदीला येत.

यांची तिजारत कशी चाले ते पाहण्यासारखे आहे. कंपनी एखादे डिझाइन एकाच बाईला तोडून देई, दुसरीला ते मिळत नसे. बाई माल उधारीवर उचले आणि पुढे किरकोळवालीला उधारीवरच देई. कोणता रंग चालेल, कोणती नक्षी पडून राहील, हे कंपनीला याच बायका सांगत. नक्षीला नावही बाजारातच पडे. ‘माझा नवरा कर्तबगार आहे’, ‘तू बाहेर गेलास तर मीही जाईन’, ‘सवतीचा डोळा’. नाव एकदा तोंडी बसले की माल उठलाच समजा. आपल्याकडे साडीला सिनेमाचे नाव देतात, त्यातलाच हा प्रकार.

मग हा कारभार बसला कसा? चीनने बसवला, असे सरसकट सांगतात. मला ते पटत नाही. नोव्हेंबर १९९२ पासून कित्येक महिने टोगोत राजकीय संप चालला, हजारो लोक देश सोडून गेले, दुकाने बंद. त्यातून सावरण्याआधीच जानेवारी १९९४ मध्ये तेथील चलन, सीएफए फ्रँक, एका दिवसात निम्म्यावर आणले. आदल्या दिवशी एका फ्रेंच फ्रँकला ५० मोजावे लागत, दुसऱ्या दिवशी १००. हॉलंडचा माल रातोरात दुप्पट महाग झाला. गिऱ्हाइकाचा खिसा मात्र होता तेवढाच. चीनचा नकली माल जोरात आला तो २००० च्या आसपास, तोवर गादी खिळखिळी झाली होती.

आणि नक्षीचा कागद कोणाच्या कपाटात होता? कंपनीच्या. नाव बाईने दिले, गिऱ्हाईक बाईने जमवले, हक्क कंपनीचा. मी एकदा किनारीची नवी नक्षी छापायला दिली होती. पंधरा दिवसांत तीच किनार समोरच्या दुकानात लटकलेली पाहिली. कारखानदार म्हणाला, “शेठ, खिळा तर माझ्याकडेच आहे ना!” त्यामुळे या बायकांचे दुःख मला लांबचे वाटत नाही.

त्यांच्या मागून आलेल्या पिढीला तेथे ‘नानेट’ म्हणतात. त्या हॉलंडची वाट पाहत बसल्या नाहीत. नमुना घेऊन थेट चीनला गेल्या, स्वस्त माल छापून आणला आणि काहींनी किनारीवर स्वतःचा छाप टाकला. जुन्या बायका त्यांना नक्कलखोर म्हणतात. म्हणोत. पण यावेळी ऑर्डर देणारी बाई आहे आणि छापही तिचाच आहे.