दोन कॅमेरे आणि भंगारात निघालेला लूम

गेल्या वर्षी माझ्या चाचांनी मालेगावच्या कारखान्यातले शेवटचे चार लूम भंगारात काढायचे ठरवले. सौदा झाला होता, फक्त टेम्पो यायचा बाकी होता. मी दोन दिवस मागून घेतले. शूटिंग करायचंय म्हटल्यावर ते हसले, “बेटा, भंगार की फिल्म कौन देखेगा?”

प्रश्न रास्त होता. मोबाईलवर लूमचे व्हिडिओ मी आधीही काढले होते. त्यात ताण्याचे हजारो धागे एका पांढऱ्या पडद्यासारखे सपाट दिसतात. कुठला धागा वर, कुठला खाली, धोटा कोणत्या फटीतून जातो, ते कळत नाही. विणकाम हा खोलीचा खेळ आहे आणि सपाट चित्रात नेमकी खोलीच हरवते. म्हणून मी थ्रीडीचा नाद धरला.

थ्रीडी म्हटले की आपल्याला ‘छोटा चेतन’ किंवा ‘अवतार’ आठवतो, म्हणजे कोट्यवधींचा मामला. तत्त्व मात्र साधे आहे. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे 63 मिलिमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना जरा वेगवेगळी चित्रे मिळतात आणि मेंदू त्यातून खोली उभी करतो. चार्ल्स व्हीटस्टनने 1838 साली हे आरशांच्या उपकरणाने सिद्ध केले. त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात, इब्न अल-हैसमने ‘किताब अल-मनाझिर’मध्ये दोन डोळ्यांना वस्तू एकच का दिसते याचा ऊहापोह केला होता. आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो, पण त्याच्यासारखे प्रयोग करून पाहत नाही, ही माझी तक्रार आहे.

मी एकाच मॉडेलचे दोन जुने अ‍ॅक्शन कॅमेरे घेतले. ते जेमतेम 60 मिलिमीटर रुंद असतात. एका पट्टीवर शेजारी-शेजारी बसवले की दोन भिंगांतले अंतर आपोआप डोळ्यांइतके होते. वेल्डिंगवाल्याकडून पट्टीला दोन भोके पाडून घेतली. दोन्ही कॅमेऱ्यांत रिझोल्यूशन, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स सारखे ठेवून ऑटो बंद केले. स्टॅबिलायझेशनही बंद, कारण दोन्ही कॅमेरे आपापल्या मर्जीने चित्र कापतात आणि मग डोके दुखते. एक कॅमेरा केसभर वर-खाली झाला तरी तेच. जवळची वस्तू साधारण सहा फुटांवर ठेवली की पाहणाऱ्याला त्रास होत नाही.

खरी अडचण वेळेची. गोप्रोने 2011 मध्ये दोन कॅमेरे केबलने जोडणारी यंत्रणा आणली होती आणि 2014 मध्ये तिची सुधारित आवृत्ती. माझ्याकडे तसले काही नव्हते. टाळी वाजवून आवाज जुळवावा म्हटले, तर लूमच्या खडखडाटात टाळी कुठली ऐकू येणार? म्हणून बटण दाबण्याआधीच टाळी वाजवली. दोन्ही घड्याळे हळूहळू सरकतात, म्हणून तुकडे छोटे ठेवले.

तरी धोटा दोन डोळ्यांना दोन ठिकाणी दिसू लागला. हिशेब केला. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर टाळीने जुळवूनही अर्ध्या फ्रेमची, म्हणजे 8 मिलिसेकंदांची चूक राहू शकते. धोटा सेकंदाला दहा मीटर धावतो असे धरले, तर तेवढ्यात तो 8 सेंटिमीटर पुढे जातो. मग 240 फ्रेमवर शूट केले, चूक 2 सेंटिमीटरवर आली. एडिटिंगला खास सॉफ्टवेअर लागले नाही. नेहमीच्याच प्रोग्रॅममध्ये डावे चित्र डावीकडे, उजवे उजवीकडे ठेवले आणि पुठ्ठ्याच्या चष्म्यात मोबाईल घालून पाहिले.

एवढा खटाटोप का? 1907 मध्ये अमेरिकेतल्या अंडरवूड अँड अंडरवूड कंपनीने जेम्स रिकल्टनने दाखवलेला भारत स्टिरिओ चित्रांच्या संचातून विकला. तिकडच्या दिवाणखान्यांत बसून लोकांनी आपले रस्ते, आपली माणसे खोलीसकट पाहिली. काय दाखवायचे ते दाखवणाऱ्याने ठरवले. आजही आपल्या मोहल्ल्यांत कॅमेरा येतो तो बहुधा दंगल झाली की किंवा निवडणूक आली की. दिवसभर तिथे चालणाऱ्या कामाला कुणी फुटेज देत नाही.

याच मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला, घोड्यांच्या जागी सायकली आणल्या. साधने नाहीत ही सबब त्यांनी तेव्हाच निकालात काढली होती. माझे म्हणणे एवढेच की त्या जिद्दीला आता नोंदीचे काम द्यावे. लूम, तांबट, बिदरी, जुने वाडे, जे जे आपल्या डोळ्यांसमोर मोडीत निघते आहे ते आपणच टिपले पाहिजे. थ्रीडीने लूम वाचत नाही, हे मला मान्य आहे. पण तो कसा चालत होता, हे पुढच्या पोराला कळू शकते.

टेम्पो गेल्यानंतर आठवड्याने चाचांना तो चष्मा लावला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “तीन नंबर का ताना ढीला है. किसने छोड़ा ऐसा?”

मोबाईलवरच्या व्हिडिओत त्यांना ते कधीच दिसले नव्हते.