ड्रॅगनचा पंख हा त्याचा हातच
ड्रॅगन कोणी पाहिलेला नाही, मग त्याचे पंख कसेही काढले तर बिघडले कुठे, असे अनेकांना वाटते. म्हणून आधी चार पायांचा दणकट सरडा काढायचा आणि शेवटी त्याच्या पाठीवर दोन पंख चिकटवायचे, ही रीत पडून गेली आहे. मला ती पटत नाही. प्राणी जितका अद्भुत, तितका त्याचा सांगाडा पक्का हवा. ड्रॅगनच्या बाबतीत याचा अर्थ असा की पंख हा जादा अवयव नसून पुढचा पाय, म्हणजे हातच, असे धरून चालावे. निसर्गाचा कौल तसाच आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत पंख मारून उडणे तीनच गटांना साधले: टेरोसॉर, पक्षी आणि वटवाघळे. तिघांनीही ते स्वतंत्रपणे साधले आणि तिन्ही वेळा पंख झाला तो हाताचाच. पक्ष्यांची बोटे जुळून आखडली आणि पिसांनी काम उचलले. टेरोसॉरचे एकटे चौथे बोट अफाट लांबले. वटवाघळांची अंगठा सोडून चारही बोटे लांबली.

ड्रॅगन काढणाऱ्याला सर्वांत जवळचा नमुना वटवाघळाचा. माणसाला उडवणारे यंत्र आखताना लिओनार्दो द विंचीनेही पंखासाठी त्याच्याकडेच पाहिले होते. वटवाघळाचा पसरलेला पंख निरखला तर त्यात आपलाच हात ओळखू येतो. दंड आखूड, कोपरापुढचा भाग लांब आणि सडपातळ, मग मनगट. मनगटाशी नखाचा छोटा अंगठा मोकळा, आणि तिथूनच चारही बोटे फाकलेली. चित्रांत गफलत होते ती नेमकी इथे. बोटे कोपरातूनच फुटतात, किंवा पडदा छत्रीच्या कापडासारखा काड्यांवर नुसता ताणलेला असतो आणि मागे कुठे जोडलाय याचा पत्ता नसतो. खरा पडदा कुशीला धरून थेट मागच्या पायापर्यंत जातो. त्यात बारीक स्नायू असतात, ते आवळले की पडदा ताठ होतो. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये, कोपराच्या पुढच्या बाजूला, आणखी एक लहान तिकोनी पडदा असतो. चित्रकार तो हमखास विसरतात आणि मग पंखाची पुढची कड कोपराशी मोडल्यासारखी दिसते. पंख मिटताना कोपर मागे जाते, मनगट पुढे येते आणि बोटे एकमेकांना लागून बसतात. विद्यार्थ्याने आधी मिटलेला पंख काढावा असे मी म्हणेन, कारण हाडांची लांबी चुकली असेल तर ती तिथेच उघडी पडते.

पंखाइतकीच महत्त्वाची छाती. पंख खाली मारण्याचे बळ पाठीतून येत नाही, छातीतून येते. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाला मधोमध उभी कड असते आणि तिच्या दोन्ही अंगांना जाड स्नायू बसतात. सापासारख्या चपट्या छातीच्या ड्रॅगनला कितीही भव्य पंख द्या, ते हलवणार कोण? यावर कोणी आपल्या पश्चिम घाटातल्या उडत्या सरड्याचा दाखला देईल. त्याचे चारही पाय मोकळे असतात आणि पंख वेगळे. पण ते पंख म्हणजे लांबलेल्या बरगड्यांवरची कातडी. तो झाडावरून झाडावर तरंगत जातो, पंख मारत नाही. वेल्सच्या झेंड्यावरच्या लाल ड्रॅगनसारखे चार पाय आणि शिवाय पंख हवेच असतील तर जरूर काढावेत. मात्र मग दुसरा खांदा, त्याचे स्नायू आणि ते मावतील एवढी लांब छातीही काढावी लागेल.

एवढे करूनही हत्तीएवढा ड्रॅगन उडणार नाही, हा आक्षेप खराच आहे. आकार तोच ठेवून लांबी दुप्पट केली की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. आजवर उडालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोॲटलस हा टेरोसॉर. त्याच्या पंखांचा पसारा सुमारे १० मीटर, पण वजनाचा आजचा अंदाज अडीचशे किलोच्या आसपासच आहे. तरीही प्रेक्षक हिशेब मांडत बसत नाही. जन्मभर कावळे आणि घारी पाहिलेला त्याचा डोळा एवढेच ओळखतो, की या अंगाचे वजन त्या खांद्यावर पेलले आहे की नाही. गरुडाच्या मूर्तीला हातही असतात आणि पंखही, आणि ते कोणाला खटकत नाही, असेही म्हणता येईल. पण मूर्ती स्थिर असते, प्रतीक असते. तिला शरीरशास्त्र विचारणे गैर. पडद्यावरच्या प्राण्याला चालावे लागते, वळावे लागते, जमिनीवर उतरावे लागते. ‘द हॉबिट’च्या २०१२ साली आलेल्या पहिल्या चित्रपटात स्मॉग या ड्रॅगनचा पंखाहून वेगळा पुढचा पाय ओझरता दिसला होता. २०१३ च्या दुसऱ्या भागात तोच स्मॉग पंखांच्या मनगटांवर भार देत सोन्याच्या राशींवरून सरपटला, आणि त्या चालीमुळेच त्याची दहशत वाटते.

आज मुंबई-पुण्यात ॲनिमेशन शिकणारी मुले संगणकावर असे प्राणी घडवू पाहतात. त्यांना सॉफ्टवेअरच्या आधी हाडे काढायला शिकवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्गविज्ञानाचे दालन आहे. वही-पेन्सिल घेऊन त्यांना तिथे दिवसभर बसवा. गावातल्या एखाद्या जुन्या झाडावर वटवाघळे लटकत असतील, तर संध्याकाळी ती उडताना नुसती पाहू द्या.