क्रमांकाचे ओझे आणि विशीतले खांदे

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजेच एनबीएमध्ये, नवोदित खेळाडूंच्या निवडीचा 'ड्राफ्ट' दरवर्षी होतो आणि दरवर्षी एखाद्या शहराला आपला तारणहार सापडल्याचा साक्षात्कार होतो. २२ जून २०१७ रोजी ब्रुकलिनमध्ये झालेल्या ड्राफ्टने तर एकाच रात्री तीन शहरांना हा दिलासा दिला. फिलाडेल्फियाने पहिल्या क्रमांकावर मार्केल फुल्ट्झला निवडले, लॉस एंजलिस लेकर्सने दुसऱ्या क्रमांकावर लॉन्झो बॉलला, तर सॅक्रामेंटो किंग्जने पाचव्या क्रमांकावर डिॲरन फॉक्सला. तिघेही पॉइंट गार्ड आणि तिघांचेही वय १९. त्यानंतर या तिघांचे जे झाले ते पाहता, चाहत्यांच्या अपेक्षा नेमक्या कुठे चुकतात याचा उलगडा होतो.

ड्राफ्टमधील क्रमांक हा खेळाडूच्या भवितव्याचा अंदाज असतो. चाहते मात्र तो वचननामा समजून वाचतात. नवोदितांचे वेतनही या क्रमांकावरूनच ठरत असल्याने त्या समजाला एक प्रकारे अधिकृत शिक्का मिळतो. त्यातच पॉइंट गार्डची जागा अशी की, तिथे कच्चेपणा झाकता येत नाही. चेंडू घेऊन पुढे यायचे, प्रतिस्पर्ध्यांची बचावरचना वाचायची, कोणत्या सहकाऱ्याला केव्हा आणि कुठे चेंडू हवा आहे हे ओळखायचे आणि हे सारे २४ सेकंदांच्या आत. उंच्यापुऱ्या सेंटरला पहिल्या वर्षी नुसत्या देहयष्टीच्या बळावर काही काळ निभावून नेता येते. पॉइंट गार्डला ती सवलत नाही. संघाची चूक पुष्कळदा त्याच्याच हातून घडताना दिसते.

अनुभवाची शिदोरी तर तुटपुंजीच. शालेय शिक्षण संपल्यावर एक वर्ष उलटल्याखेरीज अमेरिकी खेळाडूला ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही, या नियमामुळे गुणवान मुले एकच मोसम महाविद्यालयात काढतात. फुल्ट्झ वॉशिंग्टन विद्यापीठाकडून अवघे २५ सामने खेळला होता आणि बॉल यूसीएलएकडून ३६. एनबीएचा एकच मोसम ८२ सामन्यांचा असतो. म्हणजे पहिल्याच वर्षी या मुलांना आजवरच्या महाविद्यालयीन खेळाच्या दुपटी-तिपटीने खेळायचे असते आणि तेही मुरलेल्या व्यावसायिकांसमोर.

चाहत्यांची भूकही समजून घेतली पाहिजे. २०१३-१४ ते २०१६-१७ या चार मोसमांत लेकर्सने अनुक्रमे २७, २१, १७ आणि २६ सामने जिंकले. एप्रिल २०१६ मध्ये कोबी ब्रायंट निवृत्त झाला आणि लेकर्सची सूत्रे हाती घेईल असा चेहराच उरला नाही. २०१७ च्या सोडतीत पहिल्या तीनांत क्रमांक लागला नसता, तर जुन्या करारानुसार ती निवडही फिलाडेल्फियाकडे गेली असती. चाहते देव पाण्यात घालून बसले होते. अशा वेळी लॉस एंजलिसजवळच्या चिनो हिल्सचा, नजरेत भरणारे पास देणारा घरचा मुलगा मिळाला. आपला मुलगा स्टीफन करीपेक्षा सरस असल्याचे त्याच्या वडिलांनी आधीच जाहीर केले होते. मुलाच्या नावाचे ४९५ डॉलरचे बूटही बाजारात आणले होते. निवडीच्या दुसऱ्याच दिवशी लेकर्सचे तत्कालीन अध्यक्ष मॅजिक जॉन्सन यांनी, निवृत्त महान खेळाडूंच्या रांगेत एक दिवस याचीही जर्सी झळकेल, अशी आशा बोलून दाखवली. १९ वर्षांच्या मुलाने याआधी लेकर्ससाठी एकही सामना खेळला नव्हता.

मॅजिक यांचे नाव येथे योगायोगाने येत नाही. नवोदित पॉइंट गार्डकडून चमत्काराची अपेक्षा करण्याची सवय लेकर्सच्या चाहत्यांना त्यांनीच लावली. १९७९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांची निवड पहिल्या क्रमांकावर झाली. मे १९८० मध्ये अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात जायबंदी करीम अब्दुल-जब्बारच्या अनुपस्थितीत त्यांनी सेंटरची जबाबदारी घेतली, ४२ गुण केले आणि संघाला विजेतेपद मिळवून दिले. दंतकथा इथे संपते. इतिहास मात्र थोडा आधी सुरू होतो. ती पहिली निवड लेकर्सला अपयशामुळे नव्हे, तर एका जुन्या व्यवहारामुळे मिळाली होती. आदल्या मोसमात संघाने ४७ सामने जिंकले होते आणि त्यात खुद्द करीम होता. मॅजिक भरल्या घरात आले. बॉल मोडक्या घरात. तळाच्या संघांना वरची निवड मिळण्याची संधी जास्त, हे आजच्या व्यवस्थेचे मूळ सूत्र न्याय्य वाटले, तरी सर्वात कोवळ्या खांद्यांवर सर्वात जड ओझे टाकणारे आहे, ते असे.

परिणाम लगेचच दिसला. १९ ऑक्टोबर २०१७ च्या पदार्पणात क्लिपर्सच्या पॅट्रिक बेव्हर्लीने बॉलला जखडून ठेवले; त्याला अवघे तीन गुण मिळाले. दुसऱ्याच रात्री त्याने फिनिक्सविरुद्ध २९ गुण केले. चोवीस तासांत 'फसलेला' आणि 'अवतरलेला' अशी दोन्ही विशेषणे वापरून झाली. मोसमाअखेर त्याची सरासरी १०.२ गुण, ६.९ रिबाउंड आणि ७.२ असिस्ट अशी होती. त्याचे फक्त ३६ टक्के फटके बास्केटमध्ये गेले. लेकर्सचे विजय २६ वरून ३५ वर गेले. कोणत्याही नवोदिताला हे प्रगतिपुस्तक शोभले असते. तारणहाराला ते अपुरे पडले. २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसला मिळवण्यासाठी झालेल्या व्यवहारात लेकर्सने त्याला न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकले आणि २०२० मध्ये विजेतेपद पटकावले. एका अर्थी बॉलने लेकर्सला विजेतेपदाकडे नेलेच, पण स्वतः जाऊन!

फुल्ट्झची कहाणी अधिक चटका लावणारी आहे. पहिल्या मोसमात तो केवळ १४ सामने खेळू शकला. त्याची फेकण्याची लकबच बिघडली होती आणि त्याच्या विचित्र दिसणाऱ्या फ्री थ्रोंच्या चित्रफिती चेष्टेचा विषय झाल्या होत्या. दोष मनाचा की शरीराचा, यावर दूरवरून निदाने झाली. डिसेंबर २०१८ मध्ये 'थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम' हा मान आणि खांदा यांच्यामधील नसांचा विकार असल्याचे सांगण्यात आले. दोन महिन्यांनी फिलाडेल्फियाने त्याला ऑर्लँडोला दिले. त्याच्यासाठी फिलाडेल्फियाशी निवडीची अदलाबदल करणाऱ्या बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला घेतले होते आणि २०२४ मध्ये त्याच्यासह विजेतेपद मिळवले. त्यामुळे फुल्ट्झची तुलना कधी संपलीच नाही.

फॉक्सचे पहिले वर्ष काही डोळे दिपवणारे नव्हते : ११.६ गुण, ४.४ असिस्ट आणि संघाचे २७ विजय. सॅक्रामेंटोचे चाहतेही कमी उपाशी नव्हते. त्यांच्या संघाने २००६ नंतर बाद फेरी पाहिलेली नव्हती. पण त्या वर्षी किंग्जने जॉर्ज हिल हा अनुभवी पॉइंट गार्ड आणला होता आणि मोसमाच्या पहिल्या टप्प्यात ओझे वाटून घेतले गेले. दुसऱ्या वर्षी फॉक्सची सरासरी १७.३ गुण आणि ७.३ असिस्टवर गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये भारतातील पहिले एनबीए सामने खेळायला आलेला किंग्ज संघ याच फॉक्सचा. २०२३ मध्ये त्याने किंग्जला १६ मोसमांच्या खंडानंतर बाद फेरीत नेले. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. पॉइंट गार्डचे पाय तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसू लागतात, हे या उदाहरणाचे तात्पर्य.

अर्थात, एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही. डेरिक रोझ २००८ मध्ये पहिल्या क्रमांकावर आपल्याच शिकागोत आला, वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०११ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, सर्वात मौल्यवान खेळाडू झाला. पण त्याच रोझने गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनंतर, डॉक्टरांनी परवानगी देऊनही, २०१२-१३ च्या मोसमात मैदानात उतरणे टाळले, तेव्हा टीका करणाऱ्यांत शिकागोचे चाहतेही होते. अपेक्षा पूर्ण केल्याने ऋण फिटत नाही, ते वाढते.

मग चाहत्यांनी अपेक्षाच ठेवू नयेत काय? तसे म्हणणे खेळावर अन्याय करणारे ठरेल. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला आशा करण्याचा हक्क आहे. प्रश्न अपेक्षेचा नाही, तिच्या मुदतीचा आहे. जून २०२५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर डिलन हार्पर हा पॉइंट गार्ड सॅन अँटोनियोकडे गेला, तेव्हा तेथे व्हिक्टर वेम्बन्यामा होता, आदल्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित स्टेफन कासल होता आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅक्रामेंटोहून आलेला फॉक्सही होता. एकेकाळी हिलच्या सावलीत शिकलेला मुलगा आता दुसऱ्यावर सावली धरण्याच्या वयाचा झाला होता. हार्परला निदान शहर वाचवायला आलेला नायक तरी व्हावे लागले नाही. प्रत्येक नवोदिताला अशी सावली मिळेलच असे नाही. ज्यांना ती मिळत नाही, त्यांना ती देणे मात्र काही अंशी प्रेक्षकांच्या हाती आहे. निदान पहिल्या वर्षी तरी.