दुसऱ्या दिवशी काय झालं, हे मुलांना विचारा

कोकणातल्या आमच्या दिवेआगरात थिएटर नाही. मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर ताम्हिणी घाट चढून पुणं गाठायचं, नाहीतर पनवेलला जायचं. सबंध दिवस मोडतो. म्हणून बघितलेला सिनेमा आमच्याकडे लवकर विसरला जात नाही, परतीच्या वाटेवर त्याचीच चर्चा चालते.

2025च्या जुलैत मी पुतण्याला घेऊन 'सुपरमॅन' बघितला. घाट उतरताना पाऊस धो धो कोसळत होता. बराच वेळ गप्प बसलेला पोरगा एकदम म्हणाला, "काका, त्या पडलेल्या बिल्डिंगा उचलल्या कोणी?"

हा प्रश्न त्याला का पडला, ते मला लगेच कळलं. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर, मधूनच 120चे झोत. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा वाडी ओळखू येत नव्हती. पोफळी एकमेकींवर आडव्या पडलेल्या, माड मुळांसकट उपटलेले, घरावरची कौलं अंगणात. शेजारच्या घरी जायची वाट कोयत्यानं आणि करवतीनं, बुंधा-बुंधा कापत मोकळी करावी लागली. झावळ्या ओढून ओढून बायकांच्या हातांना फोड आले होते. वीज यायला किती दिवस लागले, ते इथल्या प्रत्येक घराला विचारा. त्या पोरानं हे सगळं बघितलंय. पडलेलं उचलायला किती माणसं आणि किती दिवस लागतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून सर्व पालकांना, आजी-आजोबांना, काका-मावश्यांना माझी एक विनंती आहे. मुलांना हे अचाट शक्तीचे सिनेमे जरूर दाखवा. पण सिनेमा संपला की त्यांना एकच विचारा: दुसऱ्या दिवशी काय झालं असेल?

या एका प्रश्नानं चांगला सिनेमा आणि पोकळ सिनेमा वेगळे होतात. 2013च्या 'मॅन ऑफ स्टील' या सुपरमॅनच्याच सिनेमात हाणामारीत शहराचा मोठा भाग जमीनदोस्त होतो, आणि त्याखाली कोण होतं हे बघायला सिनेमाला फारशी सवड नसते. नव्या 'सुपरमॅन'मध्ये तोच नायक राक्षसी प्राण्याशी लढता लढता एका खारीला उचलून सुरक्षित जागी ठेवतो. सबंध सिनेमात मला तेवढंच दृश्य मनापासून आवडलं. इमारत उचलणारी ताकद दाखवणं आज संगणकामुळे सोपं झालंय. त्या ताकदीला पायाखालचा जीव दिसला, हे दाखवायला लेखक-दिग्दर्शकाला मन लागतं.

हे सिनेमे परक्यांचे म्हणून नाक मुरडू नका. दादासाहेब फाळक्यांनी 1917 साली 'लंकादहन'मधून मारुतीला पडद्यावर उडवलं. 1919च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांच्या लेकीनं, मंदाकिनीनं, कृष्ण केला. अद्भुताची ही वाट आपल्याच माणसांनी पाडलेली आहे. आणि गेल्या काही वर्षांत ती कोकणाकडे वळली, याचा मला फार आनंद आहे. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'नं 2024मध्ये आपल्या पिंपळावरचं भूत देशभर नेलं. कोकणाबाहेर मल्याळी मंडळींनीही 2025च्या 'लोका'मध्ये त्यांच्या दंतकथेतली नीली यक्षी नव्या रूपात उभी केली. त्याच वर्षी सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आला. त्यातला बाबुली मेस्त्री ना उडतो, ना त्याच्या हातातून वीज निघते. म्हातारा झालेला, दृष्टी अधू झालेला तो एक दशावतारी नट आहे. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांना त्या सोंगांत बघताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या मातीतून तो येतो, तीच वाचवायला तो उभा राहतो. अशा माणसाची ताकद खरी वाटते, कारण तिची किंमत तो स्वतः मोजतो.

आणि 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा 2018चा हा सिनेमा 2024मध्ये पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली. तो प्रौढांसाठीच आहे, लहान मुलांना दाखवू नका. पण मोठ्यांनी बघावा. पुरलेल्या धनामागे लागलेला विनायक स्वतःच त्याचा घास होतो, आणि शेवटी त्याचा मुलगा ते सोनं नाकारतो. दिवेआगरच्या माणसाला हे बघताना आपलं गाव आठवल्याशिवाय राहत नाही. 1997च्या नोव्हेंबरात इथल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. ते सोनं कोणाच्या घरात गेलं नाही, देवळात गेलं. सगळ्यांचं झालं. आमच्या पोरांना हे माहीत हवं, कारण 'तुंबाड'च्या हावेला आमच्या गावानं दिलेलं हे उत्तर आहे.

पण गोष्ट तिथे संपवू नका. दुसरा दिवस सांगा. 24 मार्च 2012च्या पहाटे दरोडा पडला, देवळाचे दोन रखवालदार मारले गेले आणि मुखवटा वितळवला गेला. देव नव्या मुखवट्यात परत बसला तो 23 नोव्हेंबर 2021च्या अंगारकीला. मधली नऊ वर्षं कोणी वीर आकाशातून उतरला नाही. तपास झाला, खटला चालला, लोक वाट बघत राहिले. ते दोन रखवालदार मात्र परत आले नाहीत. मुलांना हेही सांगा. नाहीतर शौर्य म्हणजे शेवटची मारामारी, असंच ती धरून चालतील.

तेव्हा तीन गोष्टी करा. सिनेमाला जाण्याआधी प्रमाणपत्र बघा. आता यूए 7+, 13+, 16+ असं वय स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. दुसरं, मुलांना नुसतं सोडून येऊ नका, शेजारी बसा. मूल कुठे घाबरलं, कुठे टाळ्या वाजवल्या, कुठे डोळे पुसले, हे तुम्हाला शेजारी बसूनच कळेल. तिसरं, घरी येताना त्या सिनेमाशी नातं सांगणारी आपल्या गावातली एक खरी गोष्ट सांगा. 'मुंज्या' बघितलात तर आजीला पिंपळाबद्दल विचारा. 'दशावतार' बघितलात तर पुढच्या जत्रेत रात्र जागून खरा दशावतार बघा. आमच्याकडे जाखडीचा नाच असतो, त्याला पोरांना घेऊन या. गाव नसेल तर आजोबांची चाळ असेल, गिरणी असेल. गोष्ट प्रत्येक घरात असते.

त्या दिवशी घाटात मी पुतण्याला उत्तर दिलं, "आपल्याकडच्या पोफळी कोणी उचलल्या?" त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. शेजारचे, वाडीतले, बोर्लीहून आलेले, करवत घेऊन आलेले. माणगाव येईपर्यंत त्याची यादी संपली नव्हती.

तुमच्या मुलांनाही अशी यादी करता यायला हवी. आमच्या वाडीत वादळानंतर लावलेल्या रोठा जातीच्या पोफळींना आता सुपारी धरू लागली आहे. त्यांचं शिंपण तोच पोरगा करतो.