वाद रस्त्यावरच्या कुत्र्यांचा, प्रश्न घरातल्या पिल्लाचा

दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवारागृहांत हलवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांबद्दल आणखी एक आदेश आला. २०२४ मध्ये देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाल्याचे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले असल्याने या विषयावर वाद होणे साहजिक आहे. पण या गदारोळात एक कुत्रे कोणाच्याच खिजगणतीत नाही. ते म्हणजे सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नुकतेच आलेले, दीड-दोन महिन्यांचे आणि दिवसातून दहा वेळा सोफ्यामागे शू करणारे पिल्लू.

ही शू क्षुल्लक बाब वाटते, पण बऱ्याच घरांत कुत्रा आणि माणूस यांचे बिनसते ते इथूनच. पिल्लू मार खाते, माणसाच्या हाताला घाबरू लागते. घाबरलेला कुत्रा पुढे घरातल्याच लहान मुलाला चावू शकतो. नाहीतर ‘याला शिस्तच नाही’ म्हणून एक दिवस त्याला गावाबाहेर सोडून दिले जाते आणि भटक्यांच्या संख्येत एकाची भर पडते. असे सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही जास्तीत जास्त ५० रुपये आहे. तेवढ्यात हल्ली धड नाश्ताही होत नाही.

जन्मानंतरचे दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवीही करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. तिसऱ्या आठवड्यानंतर ते झोपायची जागा सोडून थोडे दूर जाऊ लागते. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास ‘पायाखाली हे लागले की मोकळे व्हायचे’ अशी त्याची सवय बसू लागते. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, असे २०१७ चे नियम सांगतात, तरी पाच-सहा आठवड्यांची पिल्ले सर्रास विकली जातात. अरुंद पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत झोपायला लागलेल्या पिल्लाची स्वच्छतेची उपजत ओढ बोथट होते. असे पिल्लू घरी आणले की नव्या मालकाचा त्रास दुप्पट होतो.

शू धरून ठेवण्याची क्षमताही वयानुसार येते. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय त्यात एक मिळवावा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू जागेपणी फार तर तीन तास थांबेल. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तर लगेचच. त्या वेळी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे आणि काम झाले की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्यावा. घरात येऊन दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात आल्याचा असतो.

नाक शूमध्ये घासण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि ती निव्वळ निरुपयोगी आहे. तासाभरापूर्वीच्या शूचा आणि आताच्या माराचा संबंध पिल्लाला लागत नाही. ते एवढेच शिकते, की माणसासमोर शू करणे धोक्याचे. मग ते कपाटामागे जाते आणि बाहेर नेले तरी मालकासमोर करत नाही. ‘त्याला कळते, बघा कसे अपराधी तोंड करतो’ हा युक्तिवादही टिकत नाही. अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवले, की हे अपराधी तोंड मालक रागावल्यामुळे होते. कुत्र्याने आगळीक केली होती की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, पार्व्होच्या भीतीने पिल्लाला रस्त्यावर उतरवत नाहीत. त्यामुळे फ्लॅटमध्ये बाल्कनी आणि रद्दी पेपर हाच मार्ग उरतो. तो चालतो, फक्त पिल्लू ‘पेपर म्हणजे संडास’ असे शिकते आणि मग सकाळी दारात पडलेला ताजा अंकही सुटत नाही. फरशीवर फिनाईल ओतल्याने वास आपल्या नाकाला जातो, कुत्र्याच्या नाही. शिवाय फिनाईल पिल्लाला चाटू देणे घातक आहे. एन्झाइम असलेला क्लीनर जास्त उपयोगी.

आता पिंजऱ्याविषयी, म्हणजे ज्याला दुकानदार क्रेट म्हणतात. कुत्रा झोपायची जागा सहसा घाण करत नाही, यावर ही पद्धत उभी आहे. उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच क्रेट घ्यावा. फार मोठा घेतला तर एक कोपरा संडास होतो. दार उघडे ठेवून, आत जेवण देऊन, काही दिवसांत हळूहळू सवय लावावी. मात्र नऊ तास नोकरीवर जाणाऱ्यांनी पिल्लू आत कोंडून ठेवणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरी कुत्रा असा कोंडून ठेवण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि हालचालीला जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे आपल्याही कायद्यात क्रूरताच आहे. विदर्भातल्या मे महिन्यात तर बंद खोलीतला क्रेट जिवावर बेतेल. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो.

शी-शू वेळच्या वेळी उचलण्याला वैद्यकीय कारणही आहे. बहुतेक पिल्लांना आईच्या पोटातच गोल जंतांची लागण झालेली असते. विष्ठेतून पडणारी जंतांची अंडी ताजी असताना लागण करू शकत नाहीत. त्यासाठी त्यांना साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे त्याच दिवशी उचललेली शी जवळपास निर्धोक, आणि कुंडीच्या मातीत राहिलेली शी रांगत्या बाळाच्या डोळ्यापर्यंत पोचू शकते. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून जंतांचे औषध हवे. शू पुसताना हातमोजे घालावेत, कारण लेप्टोस्पायरोसिस फक्त उंदरांमुळेच होतो असे नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा दातांचा. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, आणि बोटे चावत सुटण्याचे वय त्याआधीच सुरू होते. ‘घरचेच आहे, इवलेसे आहे’ म्हणून ओरखडा सोडून दिला जातो. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील बुलंदशहरचा एक तरुण कबड्डीपटू रेबीजने गेला. नाल्यातून पिल्लू वाचवताना झालेला बारीकसा चावा त्याने मनावर घेतला नव्हता. विशेषतः रस्त्यावरून उचललेल्या किंवा आईच्या लसीकरणाचा पत्ता नसलेल्या पिल्लाचा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. तिथे लस मोफत मिळते, आणि रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवायची ती पहिला डोस घेतल्यानंतर, त्याऐवजी नव्हे. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल, तर उरलेल्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात.